खलनायक मरतो ते कागद संपतो म्हणून

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत तीन महिने गेलेलो, ते धरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसणाऱ्यांचा वेळ वाचेल. तरी ज्याला शोधायचंय त्याने शोधावं. त्याला दुसरं काम नसेल.

शिकलो कमी, पण वाचलं बऱ्याच शिकलेल्यांपेक्षा जास्त, आणि तेही उलटं. ठाण्याला वागळे इस्टेटीत एक छापखाना होता, तिथे मी बत्तीस वर्षं बायंडर. पुस्तक छापून येतं ते सुटं येतं. एक मोठा कागद, दोन्ही बाजू मिळून सोळा पानं, त्याला फर्मा म्हणतात. फर्म्याची घडी घालायची, सगळे फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे आणि वर पुठ्ठा चढवायचा. आमच्याकडे रहस्यकथा ढिगाने यायच्या. पिवळट कागद, आठ फर्म्यांचं पुस्तक, एकशेअठ्ठावीस पानं. मशीनवरून जो फर्मा आधी उतरेल तो आधी आमच्या टेबलावर. कितीदा तरी शेवटचाच आधी यायचा. म्हणजे मला खुनी आज कळायचा आणि खून कोणाचा झाला ते चार दिवसांनी. असं वाचायची सवय लागली की माणूस लेखकाला भुलत नाही. जादूगाराच्या पाठीमागे उभं राहून खेळ बघितल्यासारखं होतं. बाहीत काय कोंबलंय ते सगळं दिसतं.

काय दिसलं ते सांगतो. त्या पुस्तकांतला खलनायक सात फर्मे अतिशय हुशार असतो. पोलीस त्याच्यापुढे पाणी भरतात. आठव्या फर्म्यात तो एकदम गाढव होतो. दुसऱ्यासाठी विष कालवलेलं सरबत स्वतः पितो. दुसऱ्यासाठी उघडं ठेवलेल्या भुयारात स्वतः पडतो. कड्यावरून शिळा ढकलायला जातो आणि धोतराचा सोगा अडकून शिळेबरोबर खाली जातो. मग गुप्तहेर पुढे येऊन गंभीर चेहऱ्याने सांगतो की याच्या कर्मानेच याला गाठलं. अरे बाबा, कर्मानेच गाठायचं होतं तर तू एकशेवीस पानं काय करत होतास? सिगारेट ओढत होतास.

लोक म्हणायचे, बघा, पाप फिरून आलं. मी म्हणायचो, कागद संपला. मालक नवव्या फर्म्याला कागद द्यायचा नाही, आणि लेखकाला गुप्तहेराच्या डोक्यातून काही निघायचं नाही. मग उरलेल्या चार पानांत खलनायकाला त्याच्याच खड्ड्यात ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. लेखकाचा आळस, आणि त्याला नाव कर्माचं.

तरी मी ती पुस्तकं वाचायचो. घरी नेऊन बायकोला वाचून दाखवायचो. ती पोळ्या लाटताना ऐकायची आणि खलनायक मेला की लाटणं बाजूला ठेवून म्हणायची, "असंच पाहिजे मेल्याला." मी तिला कागदाचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नका सांगू. मला मेलेला आवडतो."

कर्मावर माझा राग का, त्याला कारण आहे. छापखान्यात आमच्यावर एक फोरमन होता. एकदा हजार प्रतींत पाचवा फर्मा लागलाच नाही आणि सहावा दोनदा लागला. थप्पी चुकीच्या जागी ठेवली होती ती फोरमनने. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मालक आल्यावर त्याने बोट दाखवलं घडी घालणाऱ्या कामगाराकडे. आंबिवलीहून यायचा तो, माझ्या शेजारच्या पाटावर बसायचा, डब्यातली सुकी मच्छी मला द्यायचा. मालकाने सगळ्यांना विचारलं, कोणी काय बघितलं? मी खाली बघून पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत राहिलो. घरी दोन लहान पोरं होती. दुसऱ्या दिवशी त्याचा पाट रिकामा.

तो फोरमन पुढे बाळकुमला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. चौदावा मजला, गॅलरीतून खाडी दिसायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन झोपेत गेला. मी भेटायला गेलो होतो. बायका म्हणत होत्या, पुण्यवान माणूस, जराही त्रास झाला नाही. मला चहा दिला, तो मी प्यालो. कुठे होतं तेव्हा कर्म? मी सांगतो कुठे होतं. माझ्या तोंडात होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

पाट रिकामा झाला त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. पुस्तक शिवून झालं की पानं मोजायची, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या पानाचा आकडा पेन्सिलीने बारीक लिहायचा. एकशेअठ्ठावीस तर एकशेअठ्ठावीस. म्हणजे माझ्या हातून पुस्तक गेलं तेव्हा ते पुरं होतं याला पुरावा राहतो. कोणी सांगितलेलं नव्हतं. आजही लिहितो.

आता डोंबिवलीतली गोष्ट. छापखाना बंद पडला तेव्हापासून मी पूर्वेला आमच्या घराजवळच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देतो. खाली पिठाची गिरणी, वर वाचनालय, त्यामुळे सगळ्या पुस्तकांवर पांढरा थर. तिथे खिडकीजवळ एक कपाट आहे रहस्यकथांचं. छापखाना मोडला तेव्हा मालकाकडे पडून असलेल्या प्रती मी मागून आणल्या, टेम्पोत माझ्या मांडीवर ठेवून, आणि या कपाटात लावल्या. सव्वादोनशे पुस्तकं. त्यातल्या कितीतरी आता दुसरीकडे कुठेच नाहीत. ठाण्याच्या, कल्याणच्या वाचनालयांनी असली पुस्तकं केव्हाच रद्दीत घातली. कोणाच्या घरात आजोबांचा फोटो असतो, कोणाकडे शाळेचा दाखला असतो. माझं जे काय आहे ते त्या कपाटात आहे.

वाचनालयाचे कार्यवाह म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. उंच, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मला 'मामा' म्हणायचे, पण शिपायाला म्हणावं तसं. त्यांना ते कपाट डोळ्यांत खुपायचं. तिथे स्पर्धा परीक्षावाल्या पोरांसाठी अभ्यासिका करायची आणि तिला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. अभ्यासिकेला माझा विरोध नव्हता. पोरं शिकोत. मागची खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलेली, ती रिकामी करा म्हटलं. पण मागच्या खोलीतली पाटी रस्त्यावरून दिसत नाही.

"मामा, हा कचरा वाचतो कोण?" ते मला म्हणाले.

"मी."

"तुम्ही सोडून."

"माझी बायको."

ते हसले. शाळेत वर्गाला हसवून एका पोराला लाजवतात, तसले हसले.

त्या उन्हाळ्यात मी अख्खं कपाट खाली काढून एकेक पुस्तक नव्याने शिवलं. मे महिनाभर खळीचा वास अंगाला. शेवटचा गठ्ठा लावला त्याच दिवशी कार्यवाह नवं कोरं कुलूप घेऊन आले. म्हणाले, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, आता वाचक पुन्हा खराब करतील. ज्याला हवं त्याने मला सांगावं, मी काढून देईन. मला तेव्हा त्या माणसाबद्दल जरा बरं वाटलं. म्हातारपणी मूर्खपणा वाढतो तो असा.

जूनच्या बैठकीत त्यांनी ते इतिवृत्तात लिहिलंही. स्वतः बोलून, स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून: सदर कपाटाची किल्ली एकाच हाती राहावी, दुसरी किल्ली करू नये, संपूर्ण जबाबदारी कार्यवाहांची. वाक्य त्यांना एवढं आवडलं की दोनदा वाचून दाखवलं.

मग तीन महिने ज्याने पुस्तक मागितलं त्याला किल्ली घरी राहिली असं उत्तर. मलाही तेच.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली, रविवारी सकाळी. पंधरा-वीस सभासद, वडे आणि चहा. कार्यवाहांनी टेबलावर एकोणीस पुस्तकं मांडली. माझी पुस्तकं. एकेक उघडून सभासदांना दाखवायला लागले, जसा डॉक्टर एक्स-रे धरतो.

"बघा. हे शेवट फाटलेलं. हेही. हेही. रहस्यकथेला शेवटच नसेल तर तिचा उपयोग काय? वर्षानुवर्षं वाचकांनी पानं फाडली आहेत. ही तर नुसती वर-वर काढलेली. आत काय असेल? म्हणून ठराव मांडतो की कपाट रद्दीत काढावं आणि जागा अभ्यासिकेला द्यावी."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "असंही कोण वाचतं." माझ्या हातात वडा होता. मला खरं सांगायचं तर समोर सभासद दिसेनात. ती खळ दिसायला लागली, ढवळत राहिलेली. चाळीस वर्षांपूर्वीची.

मी वडा खाली ठेवला आणि उठलो. टेबलाजवळ जाऊन पहिलं पुस्तक उचललं, मागचा पुठ्ठा उघडला आणि अध्यक्षबाईंपुढे धरलं. बाई ठाण्याच्या कोर्टात कारकून होत्या, नोकरी सगळी कागदांत गेलेली. त्यांना कागद दाखवला की त्या आधी चष्मा पुसतात.

"बाई, हा आकडा वाचा."

"एकशेअठ्ठावीस. पेन्सिलीने आहे."

"माझा आहे. मे महिन्यात शिवलं तेव्हा लिहिलेला. आता शेवटचं पान बघा."

"एकशेचोवीस."

"चार पानं गेली. म्हणजे दोन कागद. कुठे गेले? हे बघा, शिवणीजवळ त्यांच्या पट्ट्या राहिल्यात. फाटलेल्या नाहीत, कापलेल्या आहेत. मोजपट्टी धरून, ब्लेडने. दोन सूत, म्हणजे पाव इंच, सोडून. दुसरं पुस्तक घ्या. तिथेही दोन सूत. एकोणीसच्या एकोणीस. वाचक पान फाडतो तेव्हा ओढतो बाई, समासाची पट्टी आखत नाही."

कोणीतरी खोकलं. कार्यवाह म्हणाले, "मामा, तुमचं मोजण्यात चुकलं असेल."

"एकोणीस वेळा? आणि दर वेळी चारच पानांनी?"

"मग आधीच कापलेली असतील, तुम्ही शिवताना बघितली नसतील."

"तशी असती तर आकडा एकशेचोवीस लिहिला असता. मला शिक्षण नाही, पण एकशेचोवीसपर्यंत येतं."

दोघे हसले. या वेळी वर्ग माझ्या बाजूने होता. मला ते हसणंही आवडलं नाही. पाच मिनिटांपूर्वी हेच माना डोलावत होते.

अध्यक्षबाईंनी हसणं थांबू दिलं आणि म्हणाल्या, "मेनंतर कपाट कोणाच्या ताब्यात होतं? इतिवृत्त काढा."

काढलं. बाईंनीच वाचलं. किल्ली एकाच हाती राहावी, दुसरी किल्ली करू नये, संपूर्ण जबाबदारी कार्यवाहांची. आणि खाली ती ऐटदार सही.

कार्यवाहांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. मग त्या माणसाने जे केलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, "किल्ली घरी असायची. घरात नातवंडं आहेत. काय सांगावं."

सहा वर्षांच्या नातवावर घातलं. फोरमनने निदान मोठ्या माणसावर घातलेलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे किल्ली एका हाती नव्हती, असं लिहू का? आणि नातू वाचनालयाच्या जिन्याने चढून आला, कपाट उघडलं, मोजपट्टी धरली, असंही लिहू? सर, सांगा तसं लिहिते."

ठराव पडला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बघा, आपल्याच कुलुपात अडकला. मी म्हणत नव्हते? देव बघत असतो."

"देवाने नाही बघितलं. मी बघितलं."

"तेच ते."

"तेच ते नाही. मी आकडा लिहिला नसता तर कुलूप कितीही असतं तरी तो सुटला असता, आणि पाटी लागली असती बापाच्या नावाची."

"बरं, तुम्ही बघितलं," ती म्हणाली. "पण आपल्याच कुलुपात अडकला ना?"

बायकांशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. आणि एकट्या तिचं काय घेऊन बसलात, सगळी गल्ली तेच बोलत होती. गिरणीवाला दळण देताना म्हणाला, काका, कर्म कर्म म्हणतात ते हेच. मी त्याला विचारलं, तुझं पीठ कर्माने दळतं का? चाळीस वर्षं पानं मोजली मी, आणि पेढे कर्माला.

कार्यवाहांनी राजीनामा द्यायची तयारी दाखवली. असल्या लोकांना राजीनामा द्यायला आवडतो, त्याचं पत्र सुंदर लिहिता येतं. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हटलं, राजीनामा घेऊन मला एकोणीस शेवट मिळणार नाहीत. कापलेली पानं यांनी कुठेतरी टाकली, दुसऱ्या प्रती कुठे नाहीत. पण शेवट माझ्या डोक्यात आहेत. माझं अक्षर वाईट आहे, सरांचं चांगलं. मी सांगेन, त्यांनी लिहायचं. त्याच मापाचे कागद मी कापून देईन आणि शिवून टाकेन.

तर असं ठरलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते चार. खिडकीजवळ, कपाटाला पाठ लावून मी बसायचो, समोर निवृत्त मुख्याध्यापक, आणि मी शुद्धलेखन घालायचो. लोक मुद्दाम पेपर वाचायला त्या वेळी यायला लागले. पुन्हा तेच, कर्म. अरे, ही शिक्षा मी मागून घेतली, सभेत उभं राहून. आकाशातून पडली नाही.

पहिले काही दिवस ते मान वर करायचे नाहीत. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"'तो आधीच मेलेला' असं नको. 'तो आधीच मेला होता' हवं."

"पुस्तकात 'मेलेला' आहे."

"ते चूक आहे."

"चूक तर चूक. पान तुमचं नाही."

सहाव्या-सातव्या पुस्तकाला त्यांनी विचारलं, "ही भाची कोण? मध्येच कुठून आली?"

"मध्येच नाही आली. पहिली एकशेचोवीस पानं जागेवर आहेत. ती तुम्ही कापली नाहीत."

तेव्हा मला कळलं की या माणसाने एकोणीस पुस्तकांचे शेवट कापले आणि एकही वाचला नाही. कापलेलं पान हातात आहे, खुनी कोण ते त्यावर छापलंय, आणि हा बघत नाही. चोराला निदान हार सोन्याचा आहे की पितळेचा एवढं तरी बघावंसं वाटतं. त्या दिवशी माझ्या मनातून तो माणूस खलनायक म्हणूनही उतरला.

शेवटचं, एकोणिसावं पुस्तक. त्यात दिवाण इस्टेटीच्या वारसाला मारायला माळ्यावरचा वासा करवतीने अर्धा कापून ठेवतो, आणि शेवटी लपायला स्वतः त्याच माळ्यावर चढतो. मी सांगत होतो. वासा मोडला इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मामा, हे सगळे असेच मरतात?"

"सगळे."

"तुम्हाला पटतं?"

"बत्तीस वर्षांत एकदाही पटलेलं नाही."

ते जरा पुढे झुकले. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलले. "मग बदला की. दिवाण पळून जाऊ दे. नाहीतर त्या गुप्तहेराला काहीतरी काम द्या, त्याने पकडू दे. प्रत एकच आहे. कोणाला कळणार?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू. दिवाणाला कसं पकडायचं ते मला ठाऊक होतं. वाशाखालचा भुसा ताजा होता, एवढं गुप्तहेराने बघितलं असतं तरी पुरे होतं. त्या पुस्तकाची छापखान्यात पहिल्यांदा घडी घातली तेव्हापासून मला तो भुसा दिसतोय. बायकोला दिवाण मेलेला आवडतो, पण ती माळ्यावर चढून बघणार नव्हती.

पण 'कोणाला कळणार' हे ऐकलं आणि डोकं ठिकाणावर आलं. ब्लेड उचलताना या माणसाने स्वतःला हेच विचारलं असणार. त्या फोरमननेही.

"लिहा," मी म्हटलं. "वासा मोडला आणि दिवाण खाली पडला. पूर्णविराम."

"पण तुम्हाला तर..."

"मी बायंडर आहे. लिहा."

त्यांनी लिहिलं. अक्षर खरंच सुरेख. मग कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले, पेनाला टोपण लावलं, नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि जिना उतरून गेले.

मी दाभण आणि दोरा काढला. शिवायच्या आधी पानं मोजली. आणि ते काही भलतंच लिहून गेले नाहीत ना, म्हणून दिवाण पडला की नाही तेही पुन्हा वाचून बघितलं. पडला होता. पानं चार होती. मग शिवलं, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात जुना आकडा होता त्याच्या शेजारी पुन्हा लिहिला, एकशेअठ्ठावीस. किल्ली आता माझ्याकडे असते. दुसरी अध्यक्षबाईंकडे. ती मीच करून घ्यायला लावली.